तक्रारीपासून नसेपर्यंत : प्रस्तावना

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळतं. पुन्हा चूळ भरली तरी तेच. आरशात पाहावं तर तोंड एकीकडे ओढलेलं आणि दुसऱ्या बाजूचा डोळा मिटता मिटत नाही. घरातलं वडीलधारं माणूस बघताक्षणी म्हणतं, "तोंडावरून वारं गेलं." मग कुणी तेल कोमट करायला घेतं, कुणी कानाला मफलर गुंडाळतं, कुणी लांबच्या गावातल्या औषध देणाऱ्याचा पत्ता सांगतं. त्यात पहिला दिवस जातो, बहुतेकदा दुसराही.

असा माणूस समोर येऊन बसला की मी त्याला आधी एकच गोष्ट करायला सांगतो : "वर छताकडे बघा आणि कपाळाला आठ्या पाडा." लुळ्या बाजूच्या कपाळावर आठी पडली नाही, तर बिघाड बहुधा कवटीच्या हाडातून चेहऱ्याकडे येणाऱ्या सातव्या नसेत असतो. आठी दोन्हीकडे नीट पडली आणि गाल व ओठाचा कोपरा तेवढा लोंबला, तर मला मेंदूतल्या पक्षाघाताची धास्ती वाटते. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून हुकूम येतात. एक बाजू बंद पडली तरी दुसरी ते काम चालू ठेवते. चेहऱ्याच्या खालच्या भागाला तशी सोय फारशी नाही.

पक्षाघात असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सातवी नस सुजली असेल, म्हणजे ज्याला डॉक्टर 'बेल्स पाल्सी' म्हणतात ते असेल, तर स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू केल्यास पूर्ण बरं होण्याची शक्यता वाढते. म्हणजे दोन्ही बाबतींत तेल कोमट करण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. घरच्यांनी आठी बघून निदान करत बसू नये, तोंड वाकडं दिसताच दवाखाना गाठावा. पण त्या आठीचं महत्त्व त्यांना ठाऊक असेल, तर ते लवकर निघतील, एवढी माझी खात्री आहे.

हे पुस्तक कवटीतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांविषयी आहे. ते लिहावंसं वाटलं ते मात्र एका बाईंमुळे. त्यांच्या मानेतली गाठ तपासणीसाठी काढली होती. गाठ क्षयाची निघाली आणि औषधांनी क्षय बराही झाला. पण त्या दर खेपेला सांगत, "डॉक्टर, दोरीवर धुणं वाळत घालताना उजवा हात वर जात नाही हो." मी खांद्याचा एक्स-रे काढायला सांगितला, तो चांगला आला. मलम दिलं, शेक सांगितला. चौथ्या की पाचव्या खेपेला त्या जायला म्हणून वळल्या आणि माझं लक्ष गेलं. उजवा खांदा उतरला होता, मानेकडून खांद्याकडे येणारा मांसल उतार सपाट झाला होता. मानेच्या त्या भागातून, कातडीच्या थोडं खालूनच, अकरावी नस खांद्याच्या स्नायूकडे जाते. गाठ काढताना ती दुखावली होती. पहिल्या काही महिन्यांत हे ओळखलं असतं, तर नस जोडण्याची शस्त्रक्रिया करता आली असती. बाईंनी पहिल्याच दिवशी मला नस सांगितली होती. मी ऐकला तो फक्त खांदा.

तेव्हापासून मी रुग्णांची वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवू लागलो. 'जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात.' 'घास गालात साठून राहतो.' 'तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो.' 'पाणी प्यायलं की नाकातून येतं.' 'दात घासायला लागलं की गालातून वीज जाते.' ही वाक्यं कुठल्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात या शब्दांत नाहीत. तरीही यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या तरी नसेच्या रस्त्यावर नेऊन सोडतं. वैद्यकीय विद्यार्थी या नसा पहिलीपासून बारावीपर्यंत क्रमानं पाठ करतात आणि ते आवश्यकही आहे. पण रुग्ण क्रमानं येत नाही, तो तक्रार घेऊन येतो. म्हणून या पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण तक्रारीच्या वाक्यानं सुरू होतं आणि तिथून नसेकडे जातं.

आधी शब्दाचा खुलासा करायला हवा. सलाईन लावताना परिचारिका हातावर शोधते तीही आपल्या बोलण्यात 'नस' आणि खांदा जखडला की 'नस दबली' म्हणतो तीही नसच. पहिली रक्तवाहिनी आहे, दुसरी संवेदना आणि हुकूम वाहून नेणारी. या दुसरीला शाळेच्या पुस्तकात 'चेता' म्हणतात, जुन्या लेखनात 'मज्जातंतू' म्हणत. मी 'नस' हाच शब्द ठेवला आहे, कारण तो रुग्णाच्या तोंडी आहे. या पुस्तकात तो कुठेही रक्तवाहिनीसाठी आलेला नाही. नसांची नावं मात्र फेशियल, ट्रायजेमिनल, व्हेगस अशीच घेतली आहेत. तपासणीच्या कागदावर वाचकाला तीच दिसणार आहेत. अवघड मराठी प्रतिशब्द घडवून त्याच्यापुढे आणखी एक कोडं ठेवण्यात अर्थ नव्हता.

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून नसांच्या एकतीस जोड्या निघतात आणि मान, धड, हात, पाय सांभाळतात. डोक्याचा आणि चेहऱ्याचा कारभार या बारा जोड्यांकडे. त्या मेंदूच्या तळाशी असतात आणि कवटीच्या बुडाशी असलेल्या छिद्रांतून व फटींतून बाहेर पडतात. पहिली वासाची आणि दुसरी दृष्टीची, या दोन मोठ्या मेंदूशी जोडलेल्या आहेत. बाकीच्या दहांचा संबंध मस्तिष्कस्तंभाशी, म्हणजे मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या देठाशी येतो. अकरावीचे खांद्याकडे जाणारे तंतू तेवढे मानेतल्या मज्जारज्जूतून वर येतात. इतक्या अरुंद जागेत इतक्या नसांची दाटी असल्यानं शेजारपाजाऱ्यांना महत्त्व येतं. सहावी आणि सातवी एकत्र बिघडल्या तर बिघाड कुठल्या मजल्यावर आहे, सातवी आणि आठवी एकत्र बिघडल्या तर कुठल्या कोपऱ्यात आहे, याचा अंदाज एमआरआय यंत्र येण्याच्या कितीतरी आधी डॉक्टर बांधत असत.

या नसा मोजायलाच माणसाला दीड हजारांहून अधिक वर्षं लागली. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन या वैद्यानं सात जोड्या मोजल्या. त्यानंच ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतल्या बारीक नसा कापून दाखवल्या. प्राणी धडपडत राहिला, पण त्याचा आवाज बंद झाला. आवाज हृदयातून उमटतो असं मानणाऱ्या पंडितांसमोर त्यानं स्वरयंत्राचा हुकूम मेंदूकडून येतो हे सिद्ध केलं. 1664 साली इंग्लंडमध्ये टॉमस विलिसचा मेंदूच्या रचनेवरचा ग्रंथ आला. त्यातली काही चित्रं ख्रिस्तोफर रेन यानं काढली होती, ज्यानं पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल उभारलं. विलिसची मोजणी गेलनच्या पुढे गेली, पण बारापर्यंत पोचली नाही. 1778 मध्ये गटिंगेन इथे झ्योमेरिंग या तरुण विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात बारा जोड्यांची मांडणी केली आणि तीच आजवर टिकली. मोजणी इतकी लांबली, कारण कुठे एक नस संपते आणि कुठे दुसरी सुरू होते हे मऊ मेंदूत नुसत्या डोळ्यांनी ठरवणं फार कठीण होतं. प्रत्येक नस काय करते हे कळायला तर पुढचं सगळं एकोणिसावं शतक लागलं. सातवी नस चेहरा हलवते आणि पाचवी चेहऱ्याला स्पर्श कळवते, हा भेद रुळवण्यात स्कॉटिश शल्यचिकित्सक चार्ल्स बेलच्या 1821 पासूनच्या लेखनाचा मोठा वाटा आहे. 'बेल्स पाल्सी'मधला बेल तो हाच.

पुस्तकाचा पहिला भाग वासाचा आणि दृष्टीचा आहे. 2020 मध्ये कोविडच्या साथीत असंख्य घरांत एकाएकी फोडणीचा वास येईनासा झाला आणि पहिल्या नसेची ओळख सगळ्यांनाच झाली. नाकाच्या छताशी चाळणीसारखं भोकं असलेलं एक पातळ हाड असतं. वासाचे तंतू त्या भोकांतून वर मेंदूकडे जातात. माणूस मोटरसायकलवरून डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटला तर मेंदू कवटीत पुढे-मागे हलतो आणि हे नाजूक तंतू चाळणीत तुटू शकतात. असे रुग्ण वास गेला असं क्वचितच म्हणतात. ते म्हणतात, "जेवणाला चव नाही." जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळत असतं, पण वरण आणि आमटी यांतला फरक नाकानं कळतो. वासाच्या पेशी आयुष्यभर नव्यानं जन्माला येत राहतात. म्हणून कोविडमध्ये बहुतेकांना वास परत आला. त्या आजारात पहिला मार बसला तो वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर.

दुसऱ्या नसेला ही सवलत नाही. तिच्यात दहा लाखांहून अधिक तंतू आहेत आणि रचनेनं ती मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. एकदा मेलेला तिचा तंतू पुन्हा वाढत नाही. काचबिंदू हा याच नसेचा आजार. तो कडेची दृष्टी आधी आणि मधली शेवटी खातो, म्हणून बराच काळ तक्रारच येत नाही. चाळिशीनंतर डोळे तपासून घ्या असं सांगतात ते यासाठी. क्षयावरचं इथॅम्ब्युटॉल हे औषध काही थोड्या रुग्णांत या नसेला बाधतं आणि लाल-हिरव्या रंगांतला फरक पुसट होऊ लागतो. तसं वाटताच डॉक्टरांना सांगितलं तर नुकसान थांबवता येतं. आणि विषारी दारू. 2015 च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं आणि ते दृष्टीच्या नसेवर हल्ला करतं. अशा दारूतून जी माणसं वाचतात, त्यांतल्या काहींचे डोळे कायमचे जातात.

दुसरा भाग डोळ्यांच्या हालचालींचा. एका डोळ्याला हलवणारे सहा स्नायू, त्यांतले चार तिसऱ्या नसेकडे, एक चौथीकडे, एक सहावीकडे. यांत कुठेही बिघाड झाला की तक्रार एकच येते : "दोन-दोन दिसतं." त्यावर पहिला प्रश्न असा विचारायचा की एक डोळा झाकला तर दुसरी प्रतिमा जाते का? जात असेल तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडला आहे आणि नसांकडे बघायला हवं. एक डोळा झाकूनही दोनच दिसत असतील तर दोष बहुधा डोळ्यातच आहे, पुष्कळदा मोतीबिंदूचा. दुसरा प्रश्न, कधी जास्त दिसतं? लांबचं बघताना आजूबाजूला दोन दिसत असतील तर सहावी. जिना उतरताना किंवा वाचताना खाली-वर दोन दिसत असतील तर चौथी. चौथी ही बाराही जणींत सर्वांत बारीक आणि मस्तिष्कस्तंभाच्या पाठीमागून निघणारी एकटीच. तिचा रुग्ण नकळत मान एका खांद्याकडे कलती ठेवतो, कारण तशी ठेवली की दोनाचं एक होतं.

तिसऱ्या नसेवर मी या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत. ती पापणी उचलते आणि बाहुली लहानही करते. बाहुलीचे तंतू नसेच्या बाहेरच्या अंगाला असतात. मधुमेहात नसेच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. तेव्हा पापणी पडते, डोळा बाहेर वळतो, पण बाहुली बहुधा शाबूत राहते आणि दोन-तीन महिन्यांत पुष्कळांची नस सावरते. याउलट मेंदूतल्या एखाद्या धमनीला फुगा आला आणि तो बाहेरून नसेवर दाबू लागला, तर कडेचे तंतू आधी चेपतात आणि बाहुली मोठी होते. तो फुगा कधीही फुटू शकतो. अचानक पडलेली पापणी, मोठी झालेली बाहुली आणि डोकेदुखी ही तिन्ही एकत्र आली तर तासाभराचाही उशीर करू नये. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाजवळ परिचारिका रात्रभर ठरावीक वेळानं टॉर्च घेऊन येते तीही यासाठीच. कवटीत रक्त साचून मेंदू सरकू लागला की तो तिसऱ्या नसेवर येतो आणि एका बाजूची बाहुली मोठी होऊ लागते. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे माहीत असावं, म्हणजे त्या टॉर्चमागे काय पाहिलं जातं ते त्यांना कळेल.

तिसरा भाग चेहऱ्याचा, म्हणजे पाचव्या आणि सातव्या नसेचा. पाचवी, ट्रायजेमिनल, तीन फांद्यांनी चेहऱ्याला स्पर्श कळवते आणि चावण्याचे स्नायू चालवते. खालचा दात काढण्यापूर्वी जबड्यात इंजेक्शन देतात ते तिच्या तिसऱ्या फांदीसाठी. ओठ जड होतो तोही त्यानंच. तिच्या दुखण्याइतकं कडक दुखणं मी फार थोडं पाहिलं आहे. दात घासताना, गार वारा लागताना, बोलताना गालातून किंवा जबड्यातून विजेसारखी कळ निघते, काही सेकंदांत थांबते आणि पुन्हा येते. पुरुष त्या बाजूची दाढी करायचं सोडतात, बायका त्या बाजूनं जेवायचं सोडतात. पुष्कळांच्या दोन-तीन चांगल्या दाढा आधीच काढून झालेल्या असतात, कारण कळ दाढेतच आहे असं वाटतं. बहुतेकांत खरं कारण आत असतं. नसेच्या मुळाशी धमनीचं एक वेटोळं घासत राहतं आणि तिचं आवरण झिजवतं. 1962 पासून कार्बामॅझेपिन हे औषध या दुखण्यावर वापरात आलं. अमेरिकेत पीटर जॅनेटानं 1960 च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली ते वेटोळं नसेपासून अलग करून मध्ये उशी ठेवण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. आज ती महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतही होते.

सातव्या नसेची सुरुवातीला गाठ पडलीच. तिचा रस्ता समजला की बेल्स पाल्सीच्या सगळ्या विचित्र तक्रारी उलगडतात. ती कानामागच्या हाडातल्या सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यातून जाते. सुजली तर फुगायला जागा नसते, म्हणून ती स्वतःच्याच सुजेनं आवळली जाते. बोगद्यातून जाताना तिच्या काही फांद्या वेगळ्या होतात. कानातल्या एका चिमुकल्या स्नायूकडे जाणारी फांदी मोठा आवाज दाबते. ती गेली की भांडं पडल्याचा आवाजही कानात घणासारखा आदळतो. दुसरी फांदी कानाच्या पडद्याला लगटून जिभेच्या पुढच्या भागाची चव आणते, म्हणून अर्ध्या जिभेला अन्न मातीसारखं लागतं. उपचार न घेताही दहापैकी सुमारे सात जण पूर्ण बरे होतात. पण नस बरी होईपर्यंत डोळा उघडा राहतो आणि तो सुकून बुबुळाला जखम होऊ शकते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि हलकेच चिकटपट्टी ही काळजी गोळ्यांइतकीच महत्त्वाची. नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि कधी कधी तंतू चुकीच्या घरी जाऊन पोचतात. मग हसताना डोळा मिटतो, किंवा जेवताना डोळ्यातून पाणी येतं. ज्यांना असं होतं त्यांना हे वेड नाही, मनाचा खेळ नाही, एवढं सांगितलं तरी धीर येतो.

पाचवी आणि सातवी एकदम गेल्या तर काय होतं हे कुष्ठरोगानं आपल्याला शिकवलं आहे. या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात. गालाच्या हाडावरून वर जाणारी सातव्या नसेची फांदी कातडीलगत असल्यानं ती त्यांच्या तावडीत सापडते आणि पापणी मिटेनाशी होते. पाचवीचे तंतू बधिर झाले की डोळ्यात कचरा गेलेलाही कळत नाही. मिटता न येणारा आणि दुखणं न कळणारा डोळा हळूहळू जखमांनी जातो. बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. त्या काळी कुष्ठरुग्णाचा चेहरा पाहून माणसं लांब पळत. त्या चेहऱ्यावर नसांची झीज दिसत होती, पाप नव्हे. आज औषधांनी हा आजार पूर्ण बरा होतो. लवकर औषध सुरू केलं तर नसाही वाचतात आणि ठरवून पापण्या मिटण्याचा साधा सराव डोळे राखायला मदत करतो.

चौथ्या भागात कान आणि तोल येतात. आठवी नस दोन कामं करते, ऐकू आणते आणि डोकं कुठल्या दिशेनं हललं ते कळवते. स्ट्रेप्टोमायसिननं क्षयाचे असंख्य जीव वाचवले, पण ते काही रुग्णांच्या आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या केसासारख्या पेशी मारतं. मग नसेकडे निरोपच येत नाही. 1952 साली एका डॉक्टरनं स्वतःची अशी अवस्था वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. त्याला नाडीच्या ठोक्यासरशी अक्षरं हलताना दिसत, म्हणून डोकं खाटेच्या गजांत घट्ट धरून तो वाचत असे. माझ्या वहीतलं साबणाचं वाक्य याच दुखण्याचं आहे. तोल डोळ्यांच्या आधारावर टिकलेला असतो, डोळे मिटले की तो आधारही जातो. अशा माणसानं रात्री खोलीतला दिवा पूर्ण मालवू नये.

पाचवा भाग घशाचा. नववी आणि दहावी यांची घशातली कामं इतकी गुंतलेली आहेत की मी त्यांना एकत्र ठेवलं आहे. लसीकरणापूर्वीच्या काळात घटसर्पातून वाचलेल्या मुलाला काही आठवड्यांनी पाणी नाकातून येऊ लागे आणि ते नाकात बोलू लागे. घटसर्पाच्या विषानं टाळू उचलणारे तंतू लुळे पडलेले असत. दहावी, व्हेगस, हिच्या नावाचा अर्थच 'भटकी'. ती मानेतून छातीत आणि छातीतून पोटात जाते. तिचे बहुतेक तंतू हुकूम नेत नाहीत, आतड्यांची आणि हृदयाची खबर वर आणतात. रक्त पाहून एखाद्याला भोवळ येते तेव्हा तिनंच हृदयाचा वेग उतरवलेला असतो. 1921 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे ओटो लोवीनं एका बेडकाच्या हृदयाची ही नस चेतवली आणि त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. तेही मंदावलं. नसा रसायनातून बोलतात हे त्यातून कळलं आणि 1936 मध्ये हेन्री डेल यांच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. या नसेची स्वरयंत्राकडे जाणारी डावी फांदी आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला खालून वळसा घालते आणि मग वर येते. म्हणून छातीतली गाठ आवाजातून बोलते. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, विशेषतः तंबाखूची सवय असेल, तर खडीसाखर चघळत राहू नये.

शेवटचा भाग मानेचा आणि जिभेचा. जीभ बाहेर काढली की ती दुबळ्या बाजूकडे वळते, कारण चांगली बाजू तिला तिकडे ढकलते. बारावीची सगळी तपासणी एवढीच. अकरावीची कथा मी वर सांगितली. तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या गाठी काढताना हीच नस एके काळी सरसकट कापली जात असे. 1906 मध्ये अमेरिकेत जॉर्ज क्राइलनं प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेचा तो भागच होता. रोग परवानगी देईल तिथे शल्यचिकित्सक आता ती जपतात. तंबाखूनं जिथे इतक्या माना उघडाव्या लागतात, त्या आपल्या प्रदेशात ही जपणूक हजारो खांद्यांची आहे.

हे पुस्तक कुणी घरच्या घरी डॉक्टर व्हावं म्हणून लिहिलेलं नाही. आशाताई, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षांतली मुलं आणि घरात आजारी माणूस असलेला कुणीही वाचक, यांच्यासाठी ते आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घरी काय पाहता येईल आणि कशासाठी थांबू नये, हे वेगळं दिलं आहे. तपासणीला लागतं ते टॉर्च, कापसाचा बोळा, कंप पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क), साबणाची वडी आणि पाण्याचा पेला. या वस्तू गावच्या उपकेंद्रातही मिळतात. यंत्रांचं महत्त्व मी कमी लेखत नाही. पण कुठे बघायचं हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं आणि ते रुग्णाच्या तोंडूनच आधी येतं. तो मध्येच अडखळला तरी त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यावं. 'हात दुखतो' आणि 'धुणं वाळत घालताना हात वर जात नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

त्या बाईंचा हात पहिल्यासारखा वर गेला नाही. व्यायामानं तो खांद्याच्या उंचीपर्यंत येऊ लागला. पुढे एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा अंगणात धुण्याची दोरी दिसली. घरच्यांनी ती सोडून दोन हात खाली बांधली होती.